नाशकात नवीन आलात? संध्याकाळची सोय आधी बघा

सातपूर-अंबडला नोकरी लागली की पोरं आठवडाभरात खोली बघतात, डबा लावतात, कंपनीची बस कुठं थांबते ते विचारून ठेवतात. शिफ्ट सुटल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवत नाही. मी स्वतः जळगावहून येऊन इथलाच झालो. आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहणारी पोरं बघतो ना, खोलीवर आली की मोबाइल घेऊन आडवी. चार शब्द बोलायला कुणी नाही, म्हणून चांगली नोकरी सोडून गावी परतलेलेही बघितलेत.

हे दुखणं जुनंच आहे. सॉमरसेटमधल्या शेतकऱ्याचा मुलगा जॉर्ज विल्यम्स लंडनला कापडाच्या दुकानात कामाला लागला. दिवसभर राबायचं, दाटीवाटीत झोपायचं, आणि वेळ मिळालाच तर दारूचे गुत्ते होतेच. ६ जून १८४४ रोजी, वयाच्या २२व्या वर्षी, त्यानं सोबत्यांना घेऊन यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायएमसीए, काढली. सुरुवात प्रार्थना आणि बायबलवाचनानं झाली; वसतिगृहं, वाचनालयं, व्यायामशाळा मागाहून आल्या. मन, शरीर आणि आत्मा तिन्ही सांभाळायचे, म्हणून त्यांच्या चिन्हात त्रिकोण आहे.

खेळांची गोष्ट मला फार आवडते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या सज्जाला १० फुटांवर ठोकल्या आणि बास्केटबॉल सुरू झाला. वयानं मोठ्या, कामानं दमलेल्या माणसांना तो झेपेना. मग १८९५ मध्ये होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी टेनिसची जाळी डोक्याच्या वर बांधून व्हॉलीबॉल काढला. तुम्ही शिफ्ट करून मैदानावर येता तेव्हा अशाच दमलेल्या माणसांसाठी काढलेला खेळ खेळता!

भारतात ही संस्था १८५७ मध्ये कलकत्त्याला आली. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज उभं केलं. आपल्याकडच्या पीटीच्या शिक्षकांची परंपरा बरीचशी तिथूनच निघाली. नाशिकलाही परक्या मुलांना आसरा देणं नवं नाही. शरणपूरची वस्ती मिशनऱ्यांनी वसवली, आणि गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं तिथं राहून शिकली.

वायएमसीएसारख्या संस्थेत जायचं म्हटलं की घरचे विचारतील, "धर्म बदलायला लावतील का रे?" अशा संस्थेचा पाया ख्रिस्ती श्रद्धेचा आहे आणि ती तो लपवत नाही, पण सदस्य सगळ्या धर्मांचे असतात. मठ, गुरुद्वारा, मंडळ, आखाडा, कुठंही जा, नियम एकच: प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का, फी किती, शिफ्टवाल्यांना कोणती वेळ चालते, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. नीट उत्तर मिळालं तर टिकून राहा. नाहीच जमलं, तर गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज ठरल्या वेळेला जायला लागा. आठवड्याभरात तेच चेहरे दिसतात, ओळख आपण काढायची.

आणि व्हॉलीबॉलच्या टीममध्ये घेतलं, की शिफ्ट बदलल्याचं आदल्या रात्रीच कळवा. सहातला एक आला नाही तर बाकीचे पाच नुसते बसून राहतात.