युद्धानंतर शाळा उभारताय? या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध मार्च १९९१ मध्ये पूर्वेकडच्या कैलाहुन जिल्ह्यात सुरू झालं आणि जानेवारी २००२ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. जुलै २००० मध्ये भारतीय शांतिसैनिकांच्या सुटकेसाठी ‘ऑपरेशन खुकरी’ झालं, ते हेच कैलाहुन. या काळात देशातल्या बहुतेक शाळा जळाल्या किंवा लुटल्या गेल्या. कैलाहुन जिल्ह्यातल्याच बुनुंबू गावचं शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयही वाचलं नाही. पुढे पुनर्बांधणीत पुष्कळ चांगलं काम झालं. ज्या चुका झाल्या, त्या मात्र आजही युद्धातून सावरणाऱ्या कुठल्याही देशात होऊ शकतात.

आधी भिंती, मग मास्तर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इमारतीचा फोटो निघतो, कोनशिलेवर देणगीदाराचं नाव येतं, म्हणून पैसा तिकडे जातो. शिक्षकाच्या पगाराची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही. सिएरा लिओनमध्ये कितीतरी शिक्षक मारले गेले, कितीतरी शेजारच्या गिनी देशात किंवा राजधानी फ्रीटाऊनला पळाले. त्यांच्या जागी गावातलाच थोडंफार शिकलेला तरुण उभा राहिला. सरकारी पगारपत्रकावर त्याचं नाव नाही, म्हणून गावाने त्याला तांदूळ दिला आणि त्याच्या शेतात राबायला शाळेतलीच मुलं पाठवली. त्याच वेळी पगारपत्रकावर अशीही नावं होती, की ती माणसं वर्गात कुणी पाहिलीच नव्हती.

मुलं शाळेच्या वेळात शेतात दिसली, तर मुलांना किंवा मास्तरांना रागावू नका, पगाराचं काय झालं ते विचारा. बांधकामाच्या करारावर सही करण्याआधी इथे कोण शिकवणार आणि पहिल्या महिन्यापासून पगार कोण देणार, हे लेखी घ्या. पगारपत्रकाची पडताळणी कचेरीत बसून होत नाही. हजेरीच्या वेळी शाळेत जाऊन माणूस समोर बघावा लागतो. आणि प्रशिक्षण नाही म्हणून या तरुणांना घालवू नका. नोकरीत असतानाच दूरशिक्षणाने त्यांना प्रमाणपत्र मिळवून देण्याचा तिथला मार्ग माझ्या मते अगदी योग्य होता.

फक्त लढलेल्या मुलाला दप्तर

सशस्त्र गटांमधून सुमारे ६,८०० मुलं अधिकृतपणे सोडवली गेली. अशा एकाच मुलाची फी भरली, त्यालाच नवं दप्तर दिलं, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाला काय वाटेल? त्याचं घर जळालेलं असतं, आणि दप्तर मिळतं ते जाळणाऱ्यांत असलेल्याला. युनिसेफने यावर चांगली वाट काढली: अशा मुलांना दाखल करून घेणाऱ्या शाळेला सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी साहित्य दिलं. आलेलं मूल शाळेला ओझं न वाटता हवंसं वाटू लागलं.

सोडवलेल्या मुलांच्या याद्यांत मुली दहा टक्क्यांहूनही कमी होत्या. बंदूक जमा करणारा तो सैनिक, अशी सरळ समजूत होती. स्वयंपाकाला जुंपलेल्या, सामान वाहणाऱ्या, बळजबरीने ‘बायको’ करून ठेवलेल्या मुलींकडे जमा करायला बंदूक कुठली असणार? म्हणून शस्त्रं जमा करण्याच्या छावणीतल्या यादीवर विसंबू नका. गावातल्या बायकांशी बोला, कोणाच्या घरी कोण परत आलंय ते त्यांना ठाऊक असतं. मुलगी बाळ घेऊन आली, तर वर्ग चालू असताना ते बाळ कोण सांभाळेल, हेही ठरवा. याच देशात २०१५ मध्ये गरोदर मुलींना शाळेची दारं बंद केली गेली. ती बंदी मार्च २०२० मध्ये उठली. त्या मुलींची वर्षं कोण भरून देणार?

मोठ्या मुलाला पहिलीत बसवणं

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरांत बसला, तर लाजेनेच यायचा थांबतो. तिथे अशा मुलांसाठी प्राथमिकची सहा वर्षं तीन वर्षांत शिकवणारे वर्ग काढले. शेवटी नेहमीच्या मुलांचीच परीक्षा देता यायला हवी, नाहीतर पुढची वाटच बंद.

पावसाचा विचार न करणं

तिथे साधारण मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस पडतो. कच्च्या रस्त्यांवर सिमेंटचे ट्रक रुततात, उघड्या मातीच्या विटा विरघळतात. पाया नोव्हेंबरमध्ये घ्या, छप्पर एप्रिलच्या आत चढवा. पत्र्याखाली आतून छत (सीलिंग) घाला, नाहीतर सर आली की मास्तरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. मुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत आणि ती पहिल्याच नकाशात हवीत.

‘फी माफ’वर विश्वास ठेवणं

प्राथमिकची फी माफ झाली, तरी गणवेश, प्रगतिपुस्तक, दुरुस्ती अशा नावांनी पैसे मागितले जात राहिले. पगार नसलेले शिक्षक असताना दुसरं काय होणार? मुख्याध्यापक म्हणतील, फी नाही. मुलाच्या आईला विचारा, या सत्रात हातातून किती गेले, आणि तो आकडा शिक्षकांच्या पगाराच्या मागणीसोबत जिल्हा कार्यालयाला पाठवा.