काल्पनिक जुनी स्पोर्ट्स कार बनवताना : ‘ऑटोमेशन’मध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरच्या ‘ऑटोमेशन’ या गाड्या आणि इंजिनं डिझाइन करायच्या संगणकीय खेळात नवीन आलेला माणूस सहसा आधी बॉडी निवडतो, तिला ग्रिल आणि दिवे लावतो आणि इंजिनाकडे शेवटी वळतो. आधुनिक गाडीत हे खपून जातं. 1950 किंवा 60 च्या दशकातली गाडी करायची असेल तर मात्र क्रम उलटा ठेवा. सगळ्यात आधी कागदावर चार गोष्टी लिहा: साल, देश, कंपनीची ऐपत आणि गाडी कोणत्या स्पर्धा-वर्गात बसणार. पुढचा जवळजवळ प्रत्येक आकडा या चारांतून निघतो. हे न ठरवता केलेली गाडी दिसायला जुनी असली तरी चालते 1990 सारखी, आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळतं.

या लेखापुरतं एक उदाहरण धरू. साल 1957, ब्रिटन, मध्यम आकाराची कंपनी, सेडान गाड्यांवर पोट भरणारी. तिला दोन सीटची उघडी गाडी काढायची आहे, 2 लिटरच्या आतली. 2 लिटर का, तर त्या काळच्या स्पर्धांमध्ये 1100, 1300, 1600 आणि 2000 सीसी अशा पायऱ्या असत आणि कंपन्या इंजिनं त्या रेषेच्या जेमतेम आत बसवत.

इंजिनावर सगळ्यात जास्त वेळ द्या. खेळात ‘फॅमिली’ (मूळ इंजिन-ब्लॉक) आणि ‘व्हेरिअंट’ (त्यावरून काढलेली आवृत्ती) अशा दोन पातळ्या आहेत, आणि नवखे इथेच गडबडतात. फॅमिलीला दिलेला बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनच्या फेरीची लांबी) ही त्या ब्लॉकची कमाल मर्यादा असते. व्हेरिअंटमध्ये दोन्ही कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. म्हणून पुढे मोठं इंजिन काढायचा विचार असेल तर ती जागा फॅमिलीतच राखून ठेवा. आपल्या सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनाला फॅमिलीत 76 × 88 मिमी दिले तर कमाल 2395 सीसी मिळतात. स्पोर्ट्स कारच्या व्हेरिअंटला 72 × 81.5 मिमी दिले की 1991 सीसी होतात आणि गाडी वर्गात बसते. याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण ब्लॉक मोठ्या मापाचाच राहतो. पण खऱ्या कंपन्याही हेच करत. जॅग्वारचं एक्सके इंजिन 1948 मध्ये आलं आणि वेगवेगळ्या क्षमतांमध्ये 1992 पर्यंत बनत राहिलं. त्यामुळे फॅमिलीचं साल गाडीच्या सालाच्या आधीचं ठेवा. 1949 ची फॅमिली आणि 1957 चा व्हेरिअंट ही जोडी पटते. दोन्हीकडे 1957 असेल तर एवढ्या कंपनीकडे नव्या इंजिनाला पैसा कुठून आला, हा प्रश्न उरतो.

बोअर-स्ट्रोकचं गुणोत्तर देश सांगतं. ब्रिटनमध्ये 1940 च्या दशकापर्यंत गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर बेतलेला असे, त्यामुळे अरुंद बोअर आणि लांब स्ट्रोक ही तिथली सवय झाली आणि कर गेल्यावरही ती बराच काळ टिकली. एमजीच्या टी मालिकेतलं 1250 सीसीचं इंजिन 66.5 × 90 मिमी होतं, जॅग्वारचं 3.4 लिटरचं 83 × 106. त्याच काळात फेरारीचं 3 लिटरचं व्ही-12 पाहा: 73 × 58.8. अल्फा रोमिओची जुलिएटा 74 × 75, म्हणजे जवळपास चौकोनी. लांब स्ट्रोकचं इंजिन घेतलंत तर आरपीएमचा हव्यास सोडावा लागतो. 106 मिमी स्ट्रोक 5500 आरपीएमला फिरवला की पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 19 मीटरच्या वर जातो आणि त्या काळच्या सुट्या भागांची विश्वासार्हता झपाट्याने ढासळते. आपला 81.5 मिमीचा स्ट्रोक 5800 ला सुमारे 15.8 मीटरवर राहतो, इथे फोर्ज्ड क्रँक न घालताही काम भागू शकतं.

इंजिनाच्या वरच्या भागात पुशरॉडच (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी साधी रचना) ठेवा. ट्विन कॅम (वर दोन कॅमशाफ्ट) तेव्हा होते, पण सेडानवर जगणाऱ्या कंपनीला ते महाग पडतात. कॅम प्रोफाइल (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडतात ते ठरवणारा आकडा) 45 पासून सुरू करून पाच-पाचने वाढवा आणि नजर आलेखाच्या उजव्या टोकावर ठेवण्याऐवजी 2000 ते 3000 आरपीएमच्या टॉर्कवर ठेवा. तिथे खड्डा पडायला लागला की एक पायरी मागे या. चार गिअरच्या गाडीला तो खड्डा लपवता येत नाही. व्हॉल्व्ह फ्लोटची (जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद न होण्याची) सूचना आली तर आरपीएमची मर्यादा खाली आणा. टेक पूल (तंत्रज्ञानातली आघाडी ठरवणारा आकडा) वाढवून ती सूचना घालवणं ही या खेळातली सर्वांत मोठी लबाडी आहे, कारण जास्त टेक पूल म्हणजे पुढच्या काळातला भाग आधी आणून बसवणं. इथे काटकसर केलीत तरच गाडीला काळाचा वास येतो.

कॉम्प्रेशन पेट्रोलच्या ऑक्टेनवर ठरतं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये हलक्या प्रतीचं ‘पूल’ पेट्रोल मिळे आणि कॉम्प्रेशन 7 च्या आसपास ठेवावं लागे. 1953 मध्ये चांगलं पेट्रोल परत आल्यावर 8.5 ते 9 शक्य झालं. आपल्याला 8.5 बास. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) दिसलं तर आधी इग्निशन थोडं मागे घ्या, मग कॉम्प्रेशनला हात लावा. हवा-पेट्रोलचं मिश्रण 12.8 ते 13 दरम्यान ठेवा. एक्झॉस्टचा पाइप पॉवर पडायला लागेपर्यंत बारीक करत जा आणि एक माप परत वाढवा. एवढं नीट झालं तर 110 ते 115 अश्वशक्ती मिळावी. 150 दिसत असतील तर खूश होऊ नका, टेक पूल तपासा.

चासी लॅडरची (शिडीच्या आकाराची), पोलादी. पुढे डबल विशबोन, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. व्हीलबेस 2.3 मीटरच्या आसपासची बॉडी घ्या, आणि इंजिन बे एकदा तपासूनच पुढे जा. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन लांब असतं आणि छोट्या बॉडीत ते मावत नाही. एकूण वजन 900 ते 950 किलो यायला हवं.

आता टायर. नवख्यांच्या जुन्या गाड्या सगळ्यात जास्त इथे फसतात. 205 मिमी रुंदीचा टायर लावला की पकडीचे आकडे सुधारतात आणि गाडीचं रूप मात्र पार बिघडतं. क्रॉसप्लाय (रेडियलच्या आधीचा जुना प्रकार), 155 मिमी रुंद, 90 टक्के प्रोफाइल, 15 इंची रिम. टायरचा व्यास साधारण 660 मिमी होतो, आणि चाक उंच, अरुंद, कमानीच्या थोडं आत बसलेलं दिसतं. तेच बरोबर आहे. गाडी जमिनीला चिकटवण्याचा मोह टाळा. पाट्यांच्या सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा लागते, ती नसेल तर खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल आपटतो. मागे अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) शून्य किंवा नावापुरता. पकड कमी आणि मागचा भाग कडक असला की वळणात शेपटी सुटते आणि ड्रायव्हेबिलिटीचा (गाडी चालवायला किती सोपी याचा) आकडा कोसळतो.

ब्रेकबाबत 1957 हे मजेदार साल आहे. जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून 1953 चं ल माँ जिंकलं होतं, आणि 1956 मध्ये ट्रायम्फ टीआर3 पुढच्या डिस्कसह ग्राहकांपर्यंत पोचली होती. म्हणजे पुढे डिस्क, मागे ड्रम हे धाडसी पण खरं वाटणारं उत्तर आहे. मागच्या ब्रेकचा जोर इतकाच ठेवा की पुढची चाकं आधी लॉक होतील. उलट झालं तर गाडी ब्रेक दाबताच फिरते.

गिअरचं गणित सरळ आहे. 660 मिमीचं चाक एका फेरीत 2.07 मीटर जातं. चौथा गिअर 1:1 आणि फायनल ड्राइव्ह 3.64 धरला तर 5570 आरपीएमला ताशी 190 किमी होतात, आणि हवेचा रोध पाहता या इंजिनाची झेपही तेवढीच आहे. शून्य ते शंभर 9 ते 10 सेकंदांत आलं तर गाडी काळाला धरून आहे.

बाहेरच्या सजावटीत प्रमाण चुकतं ते बहुधा हेडलाइटचं. तेव्हाचा नेहमीचा गोल दिवा 7 इंची, म्हणजे 178 मिमी. तुमची रिम 15 इंची आहे, तेव्हा गाडी बाजूने पाहून दिव्याचा व्यास रिमच्या निम्म्याहून किंचित कमी भरतो का ते ताडून घ्या. बहुतेक जण तो रिमच्या दोन-तृतीयांश करून बसतात आणि गाडी खेळण्यासारखी दिसते. हीच मोजपट्टी दाराच्या हँडलला, पेट्रोलच्या झाकणाला, मागच्या दिव्यांना लावा. मागचे दिवे तर लहानच हवेत. एकेका बोटभर दिव्यावर तेव्हा भागत असे. अमेरिकेत विकायची गाडी असेल तर चौकोनी हेडलाइट 1975 च्या आधी चालणार नाहीत, आणि बाजूचे मार्कर दिवे 1968 च्या आधी लावायचं कारण नाही. क्रोम मोजकं, रेषेच्या टोकाशी. आरसा एकच असला तरी चालतो. चेहरा मात्र कुणाचा उचलू नका. प्रमाणं त्या देशाच्या गाड्यांकडून शिका आणि ग्रिलचा आकार स्वतः काढा, कारण काल्पनिक कंपनीची ओळख तिथेच राहते.

गाडी ‘बीमएनजी ड्राइव्ह’ या गाडी चालवायच्या खेळात एक्स्पोर्ट करून उताराच्या, वळणांच्या रस्त्यावर चालवा. दोन गोष्टी तिथेच कळतात: लागोपाठच्या ब्रेकिंगमध्ये फेड येतो का (ब्रेक तापून त्यांचा जोर कमी होतो का), आणि दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक मोकळं फिरतं का. चाक फिरत असेल तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकाच चाकाचं मोकळं फिरणं रोखणारा भाग) घालण्याआधी मागची स्प्रिंग थोडी मऊ करून पाहा.

एवढं जमलं की त्याच मॉडेलचा 1962 चा ट्रिम (सुधारित आवृत्ती) काढा: फॅमिलीत राखलेले 2395 सीसी आता वापरा, रेडियल टायर घाला, बंपर थोडा बदला, बाकी बॉडी तशीच ठेवा.