ड्रायव्हर लिहिताना अ‍ॅड्रेसचे घोळ: रास्पबेरी पायवर या चुका टाळा

ड्रायव्हरचं मॉड्यूल बिनतक्रार लोड होतं, डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) लॉगमध्ये, एरर नाही, आणि एलईडी काही केल्या पेटत नाही. अशा वेळी वायरिंग उचकटण्याआधी अ‍ॅड्रेस तपासा. लिनक्समध्ये एकाच जागेला तीन अ‍ॅड्रेस असू शकतात: कर्नलचा कोड वापरतो तो व्हर्च्युअल, प्रोसेसरच्या बाजूचा फिजिकल आणि डिव्हाइसला दिसणारा बस अ‍ॅड्रेस. बहुतेक भानगडी यांच्या सरमिसळीतून होतात.

पायच्या पहिल्या चिपच्या डेटाशीटमध्ये जीपीआयओचा, म्हणजे बोर्डवरच्या पिना चालवणाऱ्या ब्लॉकचा, अ‍ॅड्रेस हेक्समध्ये ७ई२००००० छापलाय. तो बस अ‍ॅड्रेस. प्रोसेसरला तोच ब्लॉक पहिल्या पायवर २०२०००००, पाय ३ वर ३एफ२००००० आणि पाय ४ वर एफई२००००० इथे दिसतो. त्यामुळे पाय ३ साठीचा आकडा नेटवरून उचलून पाय ४ च्या कोडमध्ये चिकटवलात, तर तिथे जीपीआयओ नाहीच! मुळात आकडा कोडमध्ये लिहूच नका. डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) ‘रेंजेस’वरून कर्नल हिशोब करतो, तुम्ही प्लॅटफॉर्म डिव्हाइसचा रिसोर्स मागा आणि तोच आयओरीमॅप करा, म्हणजे कर्नलच्या व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसवर आणा. खात्रीसाठी प्रॉक-आयओमेम ही फिजिकल अ‍ॅड्रेसची यादी बघा, पण सुडो लावून; नाहीतर सगळीकडे शून्यंच दिसतील.

आयओरीमॅपने दिलेला पॉइंटर थेट डीरेफरन्स करायचा नाही, म्हणजे त्यातून सरळ वाचायचं-लिहायचं नाही. रीडएल-रायटएल ही कर्नलची फंक्शन्स वापरा, नाहीतर कंपायलर रजिस्टरवरची दोन राइट्स एक करून टाकेल. पॉइंटरला आयओमेमची खूण लावून स्पार्स हे कोड तपासणारं टूल चालवलंत तर असे घोळ बिल्डच्या वेळीच पकडले जातात.

खरा छळ डीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट मेमरी वापरण्याचा. व्हर्ट-टू-फिज करून (व्हर्च्युअलवरून फिजिकल काढून) आलेला आकडा थेट डीएमए कंट्रोलरला देणारा कोड अजूनही सापडतो. साध्या पीसीवर तो चालून जातो, म्हणूनच तो टिकलाय. पाय ४ वरच्या जुन्या डीएमए चॅनलना फक्त पहिली १ जीबी रॅम दिसते, आणि तीही सी००००००० मिळवलेल्या अ‍ॅड्रेसवर. डीएमए-मॅप-सिंगल हे कर्नलचं फंक्शन हे सगळं सांभाळतं. त्याचं उत्तर नलशी ताडू नका. डीएमए-मॅपिंग-एरर वेगळं तपासा. बफर के-मॅलॉकचा (सलग मेमरीचा) घ्या: व्ही-मॅलॉकची पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) फिजिकल मेमरीत विखुरलेली असतात, स्टॅकवरचा बफर तर नकोच. आणि मॅप केल्यावर, अनमॅप किंवा सिंक होईपर्यंत प्रोसेसरने त्या बफरला हात लावायचा नाही. लावलात तर कधी जुना डेटा मिळेल, कधी बरोबर मिळेल, आणि प्रिंट टाकली की बग गायब! कर्नल कॉन्फिगमध्ये डीएमए एपीआय डीबग चालू करा, असले बरेच बग तोच नावानिशी दाखवतो.

एमएमॅपमध्ये, म्हणजे हार्डवेअरची मेमरी युजरच्या प्रोग्रामला जोडून देताना, रीमॅप-पीएफएन-रेंज हे फंक्शन बोलावण्याआधी युजरने मागितलेली साइझ आणि ऑफसेट दोन्ही तपासा. मॅपिंग पूर्ण पानाचंच होतं, त्यामुळे ४ केबीच्या त्याच पानात दुसऱ्या ब्लॉकची रजिस्टर असतील, तर तीही युजरच्या हाती जातात.