चांदीच्या जुन्या रुपयांचा साठा विकताना या चुका टाळा

चांदीचा भाव चढल्याची बातमी आली की पुढच्या रविवारी सकाळी ठाण्यात माझ्या घरी कोणी ना कोणी स्टीलचा डबा घेऊन येते. डब्यात आजोबांनी किंवा पणजोबांनी साठवलेले दोन-चारशे राणीछाप आणि राजाछाप रुपये असतात, आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘याचे किती येतील?’ अनेक वर्षे नाणी जमवत असल्यामुळे उत्तर द्यायला मला आवडते. परंतु बहुतेक मंडळी नाणी घासून लख्ख केल्यावर किंवा अर्धा साठा विकून झाल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्या उत्तराचा त्यांना फारसा उपयोग उरलेला नसतो.

घासण्याबद्दल आधी सांगतो, कारण ही चूक मला सर्वांत अधिक खुपते. नौपाड्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे साधारण १८० नाण्यांचा डबा होता. दर वर्षी लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघत असे आणि हळदीकुंकू लावून परत कपाटात जात असे. एका दिवाळीत मी तो सवडीने पाहिला. त्यात पंचम जॉर्जचा १९११ चा एक रुपया होता, ज्याला संग्राहक ‘डुक्करछाप’ म्हणतात. राजाच्या झग्यावरील साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून ओरड झाली, पुढील वितरण थांबवून बहुतेक नाणी वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. काकूंच्या रुपयावर राखाडी, कडेला निळसर झाक असलेला थर होता आणि त्याखाली टांकसाळीतली मूळ चकाकी शाबूत होती. मी त्याचे छायाचित्र एका संग्राहकाला दाखवले, त्याने चांगली रक्कम सांगितली आणि पाहायला येण्याचा दिवस ठरला. पाहुणा येणार म्हणून आदल्या रात्री काकूंनी आणि त्यांच्या भाच्याने चिंच आणि भांड्यांची पावडर घेऊन सगळा डबा घासून काढला. दुसऱ्या दिवशी ताटात मांडलेले रुपये नव्या वाटीसारखे चमकत होते. संग्राहकाने भिंगातून राजाच्या गालावरचे बारीक ओरखडे पाहिले, चहा घेतला आणि धातूच्या भावापेक्षा थोडेसे अधिक देऊ केले. काकू अजूनही त्याला लबाड म्हणतात. माझ्या मते त्याने दिलेला भाव रास्त होता.

चांदीवर वर्षानुवर्षे जमलेला काळसर थर हवेतील गंधकामुळे तयार होतो, आणि तो खरवडताना चांदीचाही पातळ पापुद्रा निघून जातो. मीठ, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद, यांतले काहीही वापरू नये. हळदीकुंकवाचे पुट अगदी दाट असेल तर मी नाणे काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतो आणि बाहेर काढल्यावर न पुसता तसेच वाळू देतो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर करावे, कारण अॅसिटोन पटकन पेट घेते. ज्याला एवढा धीर नसेल त्याने हळद तशीच राहू द्यावी. जाणकार गिऱ्हाईक हळदीला घाबरत नाही.

दुसरी चूक हिशेबाची आहे, आणि ती शिकलेली माणसेही करतात. वाशीला राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ४०० रुपये एका सराफाला विकले आणि नंतर मला विचारले, ‘बरोबर झाले ना?’ सराफाचे गणित ऐकायला अगदी सरळ होते : एक रुपया म्हणजे एक तोळा, तोळा म्हणजे १० ग्रॅम, त्यात जुन्या मालाची दहा टक्के घट, म्हणून नाण्यामागे ९ ग्रॅम चांदी. यातील पहिली दोन वाक्ये वेगवेगळी खरी आहेत आणि एकत्र केली की खोटी होतात. रुपया ज्या तोळ्याचा होता तो ११.६६ ग्रॅमचा, १० ग्रॅमचा तोळा आजच्या दुकानातला. ब्रिटिशांचा १८३५ ते १९३९ या काळातला रुपया ९१.७ टक्के चांदीचा आहे, म्हणजे कोऱ्या नाण्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. हातोहात फिरून झिजलेले नाणे सरासरी ११.५ ग्रॅम भरले असे धरले, तरी १०.५५ ग्रॅम चांदी उरते. फरक नाण्यामागे दीड ग्रॅमहून थोडा अधिक, म्हणजे ४०० नाण्यांवर सुमारे ६२० ग्रॅम. सराफाने आपला नफा घ्यावा, पण तो उघडपणे भावात घ्यावा. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर लोकांच्या नोटा दोनदा मोजल्या, त्यांनी स्वतःची नाणी एकदाही वजनकाट्यावर ठेवली नव्हती.

म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी स्वतः वजन करावे. दशांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा पुरतो. मी दहा-दहा नाणी मोजतो, साल आणि वजन वहीत लिहितो आणि कागदावर ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढतो. एका संध्याकाळचे हे काम टाळण्यासाठी लोक काय काय सबबी सांगतात ते ऐकून मला नवल वाटते. दुकानात माल नेल्यावर आधी एकूण वजन आणि मग यंत्रावर टंच (चांदीची शुद्धता), या क्रमाने आपल्या डोळ्यांसमोर नोंद करून घ्यावी. टंच काढायला डबा रात्रभर ठेवून जाऊ नये.

वर्गवारी न करता सगळा माल एका भावाने देणे हीदेखील याच घाईची बहीण आहे. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये केवळ ५० टक्के चांदीचे आहेत. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. डब्यात असे वीस-पंचवीस रुपये सापडले की गिऱ्हाईक तेवढेच दाखवून साऱ्या साठ्याचा भाव पाडते. ते ओळखणे कठीण नाही : साल पाहावे आणि कडेवरून नजर फिरवावी, कारण त्यांच्या दातेरी कडेच्या मधोमध नक्षीची खाच असते. मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया तर निकेलचा असून फ्रिजवरच्या चुंबकालाही चिकटतो, तरीही तो ‘चांदीचा’ म्हणून माझ्यासमोर कितीदा ठेवला गेला याची गणती नाही. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे मात्र खरोखर चांदीचे आहे, १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्क्यांचे. त्याचा ढीग निराळा करावा.

यानंतर संग्राहकांच्या उपयोगाची नाणी बाजूला काढावीत. १९११ आणि १९३९ ही साले नीट तपासावीत. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही फिरतात. १८६२ चा मात्र ढीग सापडला तरी हुरळून जाऊ नये, कारण तेच साल टांकसाळीने पुढे अनेक वर्षे छापले. तिथे भाव ठरतो तो मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून आणि नाण्याच्या स्थितीवरून. जाडजूड, वेडेवाकडे, हाताने ठोकलेले मराठेशाहीतले अंकुशी किंवा चांदवडी रुपये असतील तर ते कोणत्याही परिस्थितीत वजनावर देऊ नयेत. कडी डाखलेली किंवा भोक पाडलेली नाणी बहुधा धातूच्याच भावाने जातात, तेव्हा त्यांच्यावर वेळ घालवू नये.

काही गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. नाणी रबरबँडने बांधू नयेत आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नयेत. पहिल्याने काळे डाग पडतात, दुसऱ्याने हिरवट चिकटा धरतो. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी शुल्क मागणारा फोन आला तर तो बंद करावा. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी गिऱ्हाइकाला पाठवणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत नाही. गावाकडच्या जमिनीत सापडलेले नाणे हा तर १८७८ च्या निखात निधी कायद्याचा विषय आहे. ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

सर्वांत गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी सर्वांत अधिक लक्ष देतो. तो डबा चाळतो, पाच-सहा नाणी उचलतो, ‘एवढीच मला हवीत, बाकीची तुम्ही सावकाश विका’ असे म्हणतो आणि त्या पाच नाण्यांचे धातूच्या भावाच्या दुप्पट पैसे टेबलावर ठेवतो. विकणाऱ्याला लॉटरी लागल्यासारखे वाटते. वस्तुतः साठ्याची सारी किंमत त्या पाच नाण्यांतच असू शकते. अशा वेळी मी पैसे परत सरकवतो, त्याने उचललेल्या नाण्यांची साले वहीत लिहून घेतो आणि त्या यादीसह आणखी दोघांना विचारतो. निवड फुकट करून दिल्याबद्दल त्याला चहा मात्र अवश्य द्यावा.

व्यवहार ठरल्यावर पावतीवर वजन, टंच आणि भाव हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि पैसे बँकेतून घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. वारशाने आलेल्या नाण्यांवरील कराबाबत सनदी लेखापालाला आधी विचारावे. भावाबहिणींचा वाटा असल्यास त्यांची लेखी संमती नाणी घराबाहेर काढण्यापूर्वीच घ्यावी, कारण मसजिद स्थानकावर उतरून झवेरी बाजाराच्या गर्दीत पाच किलोची पिशवी छातीशी धरून चालत असताना थोरल्या बहिणीचा फोन येणे, हा प्रसंग मी एकासोबत प्रत्यक्ष अनुभवला आहे, आणि तसेच उलट पावली आम्ही ठाण्याची गाडी पकडली होती.