बारा इंची सिंगल: आधी पहिले वीस सेकंद ऐका

जुना बारा इंची सिंगल (मोठ्या तबकडीवर बाजूला एखादंच गाणं असलेली रेकॉर्ड) हातात आला की आपण तो उजेडासमोर तिरका धरून ओरखडे शोधतो. ते बघावेतच. पण नाचासाठी लांबवलेल्या रीमिक्सची रेकॉर्ड बहुधा वेगळ्याच जागी झिजलेली असते: अगदी सुरुवातीला, जिथे नुसते ड्रम वाजतात.

कारण ही रेकॉर्ड डीजेचं अवजार म्हणून जन्माला आली. हेडफोन लावून पहिला ठोका हुडकायचा, सुई खाचेत असतानाच रेकॉर्ड मागे-पुढे फिरवायची आणि वेळ साधून सोडायची. रोज रात्री हेच झालं की त्या पाव फेऱ्यातल्या खाचेच्या भिंती घासल्या जातात. मग पहिल्या ठोक्याच्या आसपास ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि सेकंद-दोन सेकंदांत थांबतो. धुळीची खरखर सबंध बाजूभर विखुरलेली असते, ही मात्र एकाच जागी असते आणि कितीही धुतली तरी जात नाही. म्हणून विकणाऱ्याकडून सुरुवातीचे वीस सेकंद आणि मधला ड्रमचा तुकडा, एवढं तरी वाजवून घ्या. नुसत्या नजरेने दिलेल्या ‘जवळपास नवी’ या शेऱ्यावर विसंबू नका. बाहेरचा सेंटीमीटरभर पट्टा बाकीच्यापेक्षा राखाडी दिसत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

मोठ्या तबकडीचा शोध सामान संपल्यामुळे लागला. न्यूयॉर्कमध्ये रीमिक्स करणारे टॉम मोल्टन यांच्यासाठी मिक्स तबकडीवर कापताना मास्टरिंग इंजिनिअर होजे रॉड्रिग्ज यांच्याकडच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. मोठीवर कापलं, खाचा लांब-लांब पसरल्या आणि आवाजाची पातळी वाढवता आली, तेव्हा आवाज केवढा तरी भरदार निघाला. १९७६ मध्ये सॅलसोल या रेकॉर्ड कंपनीने डबल एक्स्पोजर या गायकगटाचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंचीवर विक्रीला आणलं. वॉल्टर गिबन्स यांनी त्याचं मिक्स नऊ मिनिटांच्या पुढे नेलं होतं. बास खोल कापायचा तर खाच बाजूला जास्त हलते आणि तिला जागा लागते. एलपीच्या, म्हणजे पूर्ण अल्बमच्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर वीस मिनिटं कोंबली की ती जागा उरत नाही. त्यामुळे तोच रीमिक्स एलपीवर मिळत असला तरी सिंगलच घ्यावा.

नावावर मात्र जाऊ नका. एक्स्टेंडेड, क्लब मिक्स, डान्स मिक्स या नावांना काही नियम नाही. लेबलवरची मिनिटं वाचा. डबमध्ये बहुतेक गाणं काढून प्रतिध्वनी आणि ताल ठेवलेला असतो; गाण्याच्या आशेने घेतलात तर हिरमोड होईल. नंतर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी ताडून बघा, कारण दोन बाजूंची लेबलं उलटी चिकटलेली रेकॉर्डही निघते. तिथेच कधी कापणाऱ्याची सही सापडते: हर्ब पॉवर्स ज्युनियर यांचं ‘हर्बी ज्युनियर’ आणि शेजारी हसरा चेहरा, किंवा जॉर्ज पेकम यांचं ‘पोर्की प्राइम कट’. अशी सही दिसली तर मी रेकॉर्ड सहसा परत ठेवत नाही.

वेग मिनिटाला ३३ फेरे की ४५, हे लेबलवर बऱ्याचदा छापलेलंच नसतं. गाणं असेल तर कान लगेच सांगतो, डब असेल तर फसायला होतं. तेव्हा १५ सेकंदांतले ठोके मोजून चौपट करा. ३० भरले तर मिनिटाला १२०, म्हणजे डिस्को-हाउसला साजेसं. २२ भरले तर ४५ची रेकॉर्ड ३३वर चालू आहे, ४० भरले तर त्याच्या उलट.

धुण्यासाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब पुरे. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नको. लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी वाळवा. नळाचं पाणी वाळलं की त्यातले क्षार खाचेत बसतात. हे मिश्रण ७८च्या लाखेच्या रेकॉर्डला लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

बारा इंची सिंगल मोठ्या पातळीवर कापलेला असतो, म्हणून सुईचं वजन कमी ठेवण्याची हौस इथे महागात पडते. हलकी सुई खाचेत उडते, हाय-हॅट आणि ‘स’चा उच्चार फाटतो आणि उडताना ती भिंतीही खरवडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मधलं किंवा वरच्या टोकाचं वजन ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) १.८ ते २.२ ग्रॅमची मर्यादा आहे, तिथे २ ग्रॅम योग्य. वजनकाट्यावर मोजा, टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यावर भिस्त नको. सूर संथपणे वर-खाली डोलत असेल तर भोक मध्यावर नाही. त्याला सुई जबाबदार नाही.

संगणकावर उतरवून घेताना पातळी सुरुवातीच्या ड्रमवर ठरवू नका. बास आणि गाणं एकदम भरात येतं तो भाग आधी वाजवा आणि सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आत बसवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर आठ मिनिटांची न दाबलेली फाइल २७६ मेगाबाइटच्या आसपास होते. फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल दाबणारा प्रकार) ठेवली तर बरीच कमी. सतत घुंघुं येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपला नीट आवळली आहे का, ते बघा.

टकटक काढणाऱ्या स्वयंचलित सोयीपासून इथे जरा दूरच राहा. टाळी आणि रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका) हेही अचानक उठणारे टोकदार आवाज, त्यामुळे ती सोय त्यांनाही दोष समजून बोथट करते. ठोका ऐकू येतो पण त्यातला कडकपणा गेलेला असतो. पडद्यावरची आवाजाची लाट मोठी करून एकेक टकटक हाताने पुसा, आणि मूळ फाइलला हात न लावता वेगळी ठेवा.