क्रेडिट पूर्ण, तरी डिग्री ऑडिटमध्ये जनरल एज्युकेशन 'अपूर्ण': माझा अनुभव

लक्षण असं: सगळे विषय पास, एकूण क्रेडिटही पुरेसे, तरी डिग्री ऑडिटमध्ये (पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणारा अहवाल) जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या गटांपैकी, मानव्यविद्येच्या रकान्यात '३ क्रेडिट बाकी'. साइटवरची ताजी विषययादी दोनदा ताडून पाहिली, उपयोग शून्य. आठवडाभर डोकं पिकलं.

मुळात मी ताडत होतो ती यादीच चुकीच्या वर्षाची होती. नियम लागतात ते सहसा प्रवेशाच्या वर्षीचे. म्हणून आधी ऑडिटवरचं कॅटलॉग वर्ष (कोणत्या वर्षाची विषय-नियमांची पुस्तिका लागू आहे ते) पाहिलं, त्याच वर्षाचा कॅटलॉग उघडला. मग प्रत्येक विषयापुढे तो कोणकोणत्या गटांत चालतो ते लिहून काढलं. इतिहासाचा विषय दोन गटांत बसत होता: मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं. पण आमच्याकडे एक विषय एकाच गटात मोजतात, आणि हे लिहिलंय कुठे, तर तळटीपेत! सिस्टिमने इतिहास सामाजिक शास्त्रांत टाकला होता, त्यामुळे अर्थशास्त्र जास्तीचं ठरून 'ऐच्छिक'मध्ये पडून होतं.

सल्लागारांना दोन्ही विषयांचे कोड देऊन ईमेल केला: इतिहास मानव्यविद्येत हलवा, अर्थशास्त्र त्याच्या जागी घ्या. त्यांनी बदल नोंदवल्यावर ऑडिट नव्याने चालवलं, कारण आधी काढलेला अहवाल आपोआप बदलत नाही. आता त्या रकान्यात 'पूर्ण' दिसतंय.