मोटारीने पूल ओलांडून कॅनडाचं लँडिंग: बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींनी घरीच उरकायची कामं

सीमाभागातल्या माणसाला नाका नवा नाही. २०२१ मध्ये कोगनोळीला आरटी-पीसीआरचा कागद नसलेल्या गाड्या सरळ कागलकडे परत फिरवल्या जात, हे निपाणीकरांच्या अजून लक्षात असेल. अमेरिकेतून कॅनडात जाणाऱ्या पुलावर गणित तेच. अधिकाऱ्यापुढे तुम्ही म्हणजे तुमच्या हातातले कागद. फरक एवढाच की कोगनोळीला दुसऱ्या दिवशी कागद घेऊन परत येता यायचं. लँडिंगच्या वेळी, म्हणजे कायम रहिवासी (पीआर) म्हणून पहिल्यांदा कॅनडात शिरताना, लिहायची राहिलेली काही नावं आणि काही वस्तू मात्र नंतर लिहिता येत नाहीत.

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पीआर झालं, असं समजू नका. त्या पत्राला सीओपीआर म्हणतात. कॅनडाच्या हद्दीत शिरताना सीमा सेवेचा अधिकारी विचारपूस करून त्यावर तुमची सही घेतो आणि मग तुम्ही कायम रहिवासी होता. हेच लँडिंग. विमानतळावर होतं तसंच ते अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या रस्त्याच्या नाक्यावरही होतं. अमेरिकेत एच-१बी किंवा एल-१वर नोकरी करणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा पडतो: शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी, गाडी आणि फाइल.

कॅनडातच राहून पीआर मिळालेल्यांना सीमेवर जावं लागत नाही. त्यांचं काम ऑनलाइन पोर्टलवर होतं. आणि कॅनडातून नुसतं पुलापर्यंत जाऊन मागं फिरायचं व वर्क परमिट किंवा स्टडी परमिट हातोहात घ्यायचं, ही जुनी युक्ती २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. ती बातमी वाचून लँडिंगही बंद झालं असं काही जण समजतात. तसं झालेलं नाही.

मुदत आणि नाव

सीओपीआरवर शेवटची तारीख छापलेली असते. ती साधारणपणे वैद्यकीय तपासणीपासून १२ महिन्यांवर पडते, किंवा पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर त्या तारखेवर. ही मुदत वाढवून मिळेल अशा भरवशावर राहू नका. "गणपती झाले की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ" करत तारीख उलटली, तर सगळा अर्ज पहिल्यापासून. भारतीय पासपोर्टवर स्थलांतरिताचा व्हिसाही चिकटवलेला असतो. दोन्हींवरच्या तारखा ताडून पाहा.

मग नाव. इथं आपल्या भागातल्या माणसांची एक खास अडचण आहे. आपली नावं मराठी, दाखले कन्नड आणि पासपोर्ट इंग्रजी. कन्नडच्या वळणानं इंग्रजी लिहिताना 'त'साठी टीएच घालतात, मराठीच्या वळणानं नुसता टी. त्यामुळे एकाच ज्योतीचं किंवा सविताचं स्पेलिंग एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर एक आणि पुण्याच्या कॉलेजच्या पदवीवर दुसरं असं होतं. लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं नाव मधे येतं, आडनाव बदलतं, क्वचित माहेरचं पहिलं नावही बदललेलं असतं. सीमेवर एकच कसोटी लागते: सीओपीआरवरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक हे पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतात का. एच जास्त किंवा कमी दिसला तर निघण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून कळवा. लँडिंग झाल्यावर दुरुस्तीचा वेगळा अर्ज असतो आणि तो रेंगाळतो. लग्नाचा दाखला बरोबर असू द्या. नाव का बदललं याचं उत्तर तोच देतो. दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

जन्मगावाचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव 'बेळगावी' झालं. जुन्या पासपोर्टवर 'बेळगाम' आहे, नव्यावर 'बेळगावी'. दोन्ही गावं एकच आहेत हे अधिकाऱ्याला कुठून कळणार? पासपोर्टवर जे आहे तेच सीओपीआरवर असलं की प्रश्न मिटला. नुसत्या गावाच्या नावासाठी मधेच पासपोर्ट बदलून घेऊ नका, कारण त्यानं क्रमांक बदलतो आणि सीओपीआरशी जुळत नाही. मुदत संपली म्हणून नवा काढावाच लागला तर इमिग्रेशन खात्याला आधी कळवा.

घरातली बातमी लपवू नका

अर्ज केल्यापासून लँडिंगपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात लग्न होतं, मूल होतं. साखरपुड्यानं काही बिघडत नाही. पण लग्न झालं असेल, मग ते कार्यालयात वाजतगाजत झालेलं असो की नुसतं नोंदणीचं, किंवा बाळ झालं असेल, तर सीमेवर जाण्याआधी कळवणं बंधनकारक आहे. "आधी लँडिंग उरकू, बायकोचं मग बघू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तपासणीच्या वेळी न सांगितलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला पुढं कुटुंब म्हणून बोलावण्याचा मार्ग कॅनडाच्या नियमांत बंद होतो. या सगळ्या कामात इतकी महाग पडणारी दुसरी चूक नाही. कळवल्यावर लँडिंग काही महिने लांबेल. लांबू द्या.

कुटुंबातल्या सगळ्यांनी एकदम जायलाच हवं असं नाही, पण मुख्य अर्जदार आधी किंवा बरोबर हवा. त्याच्याआधी पत्नी-मुलांचं लँडिंग होत नाही.

पैशाचा पुरावा

कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर, म्हणजे सीईसी गटातून निवड झालेल्यांना हा पुरावा लागत नाही. फेडरल स्किल्ड वर्कर गटाला लागतो. २०२५ च्या तक्त्यानुसार एकट्याला १५,२६३ आणि चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर. आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा. बँकेच्या लेटरहेडवर खातं कधी उघडलं, आजची शिल्लक आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी, एवढं हवंच. शेत, प्लॉट, घर, सोनं यातलं काही चालत नाही. पैसा मोकळा आणि लगेच काढता येणारा असावा. गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीच्या पावतीवर भिस्त ठेवू नका. अमेरिकेतल्या बँकेचं पत्र सर्वांत सुटसुटीत.

रोख रक्कम, ड्राफ्ट, चेक मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त बरोबर असेल तर ते सांगावं लागतं. सांगितल्यावर कर लागत नाही. न सांगता सापडलं तर जप्ती आणि दंड.

दोन याद्या, आणि त्यातले दागिने

आता सर्वांत दुर्लक्षित काम. लँडिंगच्या वेळी घरगुती सामान करमुक्त आणण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी बीएसएफ १८६ हा फॉर्म आणि दोन याद्या लागतात: आत्ता गाडीत असलेलं सामान आणि मागून येणारं सामान. दुसऱ्या यादीत जे नाही त्यावर पुढं आणताना नेहमीसारखा कर लागू शकतो. दोन सुटकेस घेऊन पूल ओलांडणारे दुसरी यादी कोरी ठेवतात आणि दोन वर्षांनी बेळगावच्या लॉकरमधलं सोनं नेताना अडकतात.

अट अशी की वस्तू लँडिंगच्या आधी तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात असली पाहिजे. लग्नात घातलेलं मंगळसूत्र, ठुशी, बोरमाळ, तोडे चालतात. आईच्या पाटल्या "पुढं मलाच मिळणार" म्हणून लिहायच्या नाहीत. त्या आज आईच्या आहेत. सोन्याची वळी किंवा बिस्किट म्हणजे दागिना नव्हे, ते या यादीत घुसडू नका.

दागिन्यावर क्रमांक नसतो, म्हणून ओळख पटवायला फोटो आणि मूल्यांकन लागतं. शहापुरातल्या किंवा खडेबाजारातल्या नेहमीच्या सराफाकडून दुकानाच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या. प्रत्येक दागिना वेगळ्या ओळीत: प्रकार, कॅरेट, ग्रॅममधलं वजन, खडे-मोती, आजची किंमत. 'ठुशी' एवढंच लिहिलंत तर तिथं कुणाला बोध होणार नाही. 'गोल्ड नेकलेस, २२ कॅरेट, २८ ग्रॅम' असं लिहून कंसात ठुशी म्हणा. जुन्या पावत्यांवर विसंबू नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला १० ग्रॅमचा. कुठल्या पावतीवर कुठला धरलाय हे सांगता येत नाही. पुन्हा काट्यावर ठेवून वजन घ्या. फोटो पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि मागं यादीतला क्रमांक टाका.

बाकी सामानाला एवढं बारीक जायचं कारण नाही. 'स्वयंपाकाची भांडी, दोन खोकी', 'कपडे, चार बॅगा' असं चालतं. लॅपटॉप, कॅमेरा यांचे सीरियल क्रमांक मात्र लिहा. किंमत वापरलेल्या वस्तूची, कॅनेडियन डॉलरमध्ये. करमुक्त आणलेली वस्तू १२ महिन्यांच्या आत विकली किंवा देऊन टाकली तर कर भरावा लागतो. दोन्ही याद्यांच्या दोन-दोन प्रती काढा.

खाण्याचं काय? कुंदा, करदंट, लोणचं, जे असेल ते सांगा. अधिकारी पाहून सोडेल किंवा काढून घेईल. न सांगणं हाच गुन्हा. बियाणं, कढीपत्त्याचं रोप, माती गाडीत नकोच. निपाणीचा जर्दा कुणाच्या सामानात असेल तर मोकळ्या तंबाखूची करमुक्त मर्यादा २०० ग्रॅम आहे.

पुलावर

नायगाराच्या बाजूला बफेलो-फोर्ट एरीचा पीस ब्रिज सोयीचा. तो २४ तास उघडा असतो. धबधब्याशेजारच्या रेनबो ब्रिजवर ट्रक नसतात, पण उन्हाळ्यात पर्यटकांची रांग असते. व्हर्लपूल ब्रिज फक्त नेक्सस कार्डवाल्यांसाठी, म्हणजे आधीच तपासणी होऊन मंजुरी मिळालेल्या प्रवाशांसाठी आहे. नकाशा जवळचा रस्ता म्हणून तिकडं नेतो, जाऊ नका. मिशिगनकडून अँबॅसेडर ब्रिज, सिएटलकडून ब्लेनजवळचे पीस आर्च आणि पॅसिफिक हायवे. जमलं तर सुट्टी टाकून मधल्या वारी सकाळी निघा. अर्ध्या तासातही काम होतं आणि गर्दी असली तर तीन तासही जातात, तेव्हा मुलांचं खाणं हाताशी ठेवा. भाड्याची गाडी असेल तर ती सीमेपार नेण्याची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या.

१. पहिल्या खिडकीवर गाडीतूनच सगळ्यांचे पासपोर्ट आणि सीओपीआर द्या. "आम्ही पीआरचं लँडिंग करायला आलोय" एवढं पहिल्याच वाक्यात सांगा. "फिरायला आलोय" म्हणालात तर पर्यटक म्हणून आत सोडतील आणि लँडिंग राहून जाईल.

२. खिडकीवरचा अधिकारी चिठ्ठी देऊन बाजूला गाडी लावायला सांगतो. इमारतीत सगळ्यांनी जायचं, झोपलेल्या बाळासकट. आत फोन आणि फोटो बंद.

३. इमिग्रेशनच्या खिडकीवर ठरावीक प्रश्न येतात: कधी गुन्ह्यात शिक्षा झाली का, कुठल्या देशानं बाहेर काढलं का, न सांगितलेलं कुटुंब आहे का, पैसे किती आहेत. उत्तर हो किंवा नाही, आणि तेवढंच. सीओपीआरवर घरून सही करून नेऊ नका. ती अधिकाऱ्यासमोर करायची असते.

४. पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता विचारतात. ओळखीच्या घराचा चालतो, मात्र टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवायला सांगा. पत्ता नसेल तर १८० दिवसांत कळवता येतो. त्यानंतर कार्डासाठी नवा अर्ज आणि फी.

५. शेवटी कस्टमची खिडकी. इथं याद्या मागितल्या नाहीत तर स्वतःहून द्या. शिक्का मारलेला बीएसएफ १८६ आणि याद्यांची प्रत हातात आल्याशिवाय इमारत सोडू नका. गर्दीत अधिकारी "आत्ता काही सामान नाही ना, मग जा" म्हणतो. तेव्हा "मागून येणारं आहे" हे शांतपणे सांगायचं. ही मूळ प्रत पुढं लागणार आहे. पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

निघण्याआधी सीओपीआरची प्रत तपासा: लँडिंगची तारीख, नाव, सही.

त्यानंतर

सामाजिक विमा क्रमांक, म्हणजे एसआयएन, सर्व्हिस कॅनडाकडे फुकट मिळतो. एजंटला त्यासाठी पैसे देऊ नका. नऊ आकड्यांचा हा क्रमांक ९ ने सुरू होत असेल तर तो तात्पुरत्या रहिवाशाचा आहे. आधीच्या कॅनडातल्या शिक्षणातून तो तुमच्याकडे असला तर नवा घ्या.

लँडिंग करून नोकरीसाठी अमेरिकेला परतणार असाल तर कॅनडाकडे जाताना आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, कुणाला देऊन टाकू नका. कॅनडातली फेरी ३० दिवसांच्या आत असेल आणि आय-९४ चालू असेल, तर पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असूनही सर्वसाधारणपणे परत येता येतं. मात्र त्याच फेरीत कॅनडातल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलात तर ही सवलत जाते. एच-१बी आणि एल-१वाल्यांना दुसऱ्या देशाचं पीआर घेतल्यानं अडचण येत नाही. एफ-१ विद्यार्थ्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावं.

पीआर टिकवायला कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. कार्ड हातात येण्याआधी कॅनडाबाहेर असाल तर विमान, बस किंवा रेल्वे चढू देत नाही. त्यासाठी वेगळा प्रवास दस्तऐवज काढावा लागतो. खासगी गाडीतून, अगदी भाड्याच्याही, सीमेवर आलात तर पासपोर्ट आणि सही केलेला सीओपीआर दाखवून आत जाता येतं. म्हणून कार्ड येईपर्यंत दुसरी फेरीही त्याच पुलावरून, गाडीनंच ठेवा.